विंडोजवर विनएरर ३२ आणि लिनक्सवर अर्धवट जेसन: एकाच टेम्प फाइलवर अनेक असिंक टास्क

तुमचा प्रश्न असा: पायथनमध्ये दहा-बारा असिंक टास्क (आलटून-पालटून एकत्र चालणारी कामं) एकच जेसन रिपोर्ट फाइल अपडेट करतात. आधी ‘रिपोर्ट.टीएमपी’ या तात्पुरत्या (टेम्प) फाइलमध्ये लिहायचं, मग ओएस.रिप्लेसने तिचं नाव बदलून ती मूळ रिपोर्टच्या जागी ठेवायची. ऑफिसच्या विंडोजवर मधूनच पर्मिशनएरर, विनएरर ३२ (फाइल दुसरं कुणी वापरतंय) येतो. उबंटूवर ‘चालतं’, फक्त क्वचित फाइलनॉटफाउंडएरर येतो आणि कधी जेसन अर्धवट सापडतं.

ही दोन्ही लक्षणं एकाच चुकीची आहेत. ती विंडोजची भानगड समजून ट्राय-एक्सेप्टने झाकू नका, कारण डेटा खरा बिघडतोय तो उबंटूवर.

सगळे टास्क टेम्पचं एकच नाव वापरतात. पहिल्याने फाइल उघडून लिहिलं, तेवढ्यात दुसऱ्याने तीच ‘डब्ल्यू’ मोडमध्ये उघडली, म्हणजे ती रिकामी झाली. आता पहिला रिप्लेस करायला जातो. फाइल दुसऱ्याने उघडून ठेवली असल्यामुळे विंडोज नकार देतं: ३२. लिनक्स मात्र नाव बदलू देतं, आणि दुसऱ्याचं अर्धवट लिखाण मूळ रिपोर्ट म्हणून समोर येतं. दुसरा रिप्लेस करायला येतो तेव्हा टेम्प गायब असते, म्हणून एरर २, म्हणजेच फाइलनॉटफाउंडएरर.

आधी एक तपासा: एरर दरवेळी येतो की कधीकधी? दरवेळी येत असेल तर रिप्लेसची ओळ बहुतेक ‘असिंक विथ’च्या आत आहे. तिचं इंडेंट एक पायरी बाहेर घ्या, म्हणजे फाइल बंद झाल्यावरच नाव बदलेल. कधीकधी येत असेल तर वरचंच कारण.

दुरुस्तीसाठी एआयओफाइल्स या असिंक फाइल-लायब्ररीचे सुटे अवेट काढून टाका. ती लायब्ररीही आतून थ्रेडच (प्रोग्रॅममधल्या समांतर वाटा) वापरते, त्यामुळे वेगात फारसं काही जात नाही. त्याऐवजी एक साधं, असिंक नसलेलं फंक्शन लिहा आणि ते असिंकआयओ.टू_थ्रेडने बोलवा (पायथन ३.९ पासून आहे). त्यात क्रम असा ठेवा: थ्रेडिंग.लॉक घ्या (म्हणजे एका वेळी एकच थ्रेड आत), टेम्पफाइल.एमकेएसटेम्पने नवीन नावाची फाइल बनवा, लिहा, फ्लश, ओएस.एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर), बंद करा, मग रिप्लेस. जुनं जेसन वाचून त्यात भर घालत असाल तर ते वाचनही लॉकच्या आतच हवं, नाहीतर एकाची भर दुसरा पुसून टाकेल.

लॉक असिंकआयओचा न घेता थ्रेडिंगचा घ्यायचं कारण टाइमआउट. असिंकआयओच्या वेट_फॉरने लावलेली मुदत संपली की टास्क रद्द होतो, पण सुरू झालेला थ्रेड थांबत नाही, तो लिहीतच राहतो. असिंक लॉक तेवढ्यात सुटतो, पुढचा टास्क आत शिरतो आणि पुन्हा तोच घोळ. फंक्शनच्या आतला लॉक थ्रेड संपेपर्यंत धरलेला राहतो. प्रोग्रॅमच दोनदा चालू असेल तर मात्र हा लॉक पुरणार नाही. तिथे वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालणारा फाइल-लॉक लागेल.

एमकेएसटेम्प फाइल आधीच उघडून तिचं हँडल परत देतं. तेच ओएस.एफडीओपनला द्या, ते तसंच सोडून फाइल नव्याने उघडलीत तर ३२ पुन्हा हजर. ‘डीआयआर’मध्ये रिपोर्टचाच फोल्डर द्या. ‘/टीएमपी’ वेगळ्या फाइलसिस्टिमवर असेल तर लिनक्सवर एरर १८ येतो, कारण दोन फाइलसिस्टिममध्ये नुसतं नाव बदलता येत नाही. शिवाय या फाइलची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) असते, म्हणून रिपोर्ट वेब सर्व्हर वाचणार असेल तर रिप्लेसपूर्वी सीएचमॉड ६४४ करा.

एवढं करूनही विंडोजवर क्वचित एरर ५ (परवानगी नाकारली) किंवा ३२ आला, तर अँटिव्हायरस किंवा कुणीतरी रिपोर्ट उघडून बसलंय. फक्त रिप्लेसच्या ओळीभोवती चार-पाच प्रयत्न ठेवा: ५० मिलिसेकंद थांबून, मग १००, २००, असं दुप्पट करत. तरीही जमलं नाही तर एरर वर जाऊ द्या आणि टेम्प पुसा.

रिपोर्टमध्ये मराठी नावं असतील तर एनकोडिंग यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. पायथन ३.१४ पर्यंत विंडोजवर डीफॉल्ट म्हणून सिस्टिमचं कोडपेज घेतलं जातं. एनकोडिंग न लिहिता एन्श्युअर_आस्की फॉल्स केलंत (म्हणजे जेसनमध्ये देवनागरी जशीच्या तशी लिहिली) की देवनागरीच्या पहिल्याच अक्षरावर युनिकोडएन्कोडएरर येईल.