न मोडलेल्या नियमाचा दंड

प्रश्न : माझी राखाडी स्कूटर कराड तालुक्याबाहेर कधीच गेलेली नाही. तरीही गेल्या महिन्यात कोकणातील एका शहरात विनाहेल्मेट वाहन चालवल्याबद्दल ५०० रुपये दंडाचे ई-चलान माझ्या मोबाइलवर आले. त्या वेळी मी शाळेत वर्गावर होते आणि हजेरीपटावर माझी सही आहे. सहकारी म्हणतात, पाचशे रुपयांसाठी हेलपाटे कोण घालणार, लोकअदालतीत कमी रकमेवर मिटवून टाका. मी काय करावे?
— एक शिक्षिका, कराड

उत्तर : तूर्त दंड भरू नका. दंड भरणे म्हणजे गुन्हा मान्य करून प्रकरण मिटवणे, आणि एकदा मिटलेले प्रकरण ‘ती गाडी माझी नव्हतीच’ असे सांगून पुन्हा उघडणे फार अवघड जाते. शिवाय प्रश्न केवळ पाचशे रुपयांचा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ड मध्ये हेल्मेट न घालणाऱ्यास दंडाबरोबरच तीन महिन्यांसाठी परवाना बाळगण्यास अपात्र ठरवण्याची तरतूद आहे, ही बाब आपल्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही.

आपल्या प्रकरणाचा सारा भार चलानाबरोबरच्या छायाचित्रावर आहे, आणि आपण पत्रात त्याचा उल्लेखच केलेला नाही. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर वाहन क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक भरले की ते पाहता येते. ते मोठे करून शांतपणे पाहावे. गाडी स्कूटर आहे की मोटारसायकल, तिचा रंग आणि मॉडेल आपल्या नोंदणी प्रमाणपत्राशी जुळते का, आणि पाटीवरचा ८ हा अंक मुळात इंग्रजी बी तर नाही ना, हे तपासावे. अस्पष्ट पाटीवरून क्रमांक चुकीचा वाचला जाणे ही नेहमीची चूक आहे. छायाचित्राची प्रत लगेच जतन करावी. पोलिसांनी स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून ते नंतर प्रणालीत चढवण्याबद्दल वाहनचालकांच्या इतक्या तक्रारी झाल्या की जुलै २०२५ मध्ये वरिष्ठांना त्याविरुद्ध आदेश काढावा लागला. म्हणून चलानावरील वेळही डोळे झाकून खरी मानू नये.

त्यानंतर त्याच संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. मजकूर चार-पाच ओळींचाच असावा : चलान क्रमांक, छायाचित्रातील वाहन व आपले वाहन यांतील नेमका फरक, आणि चलान रद्द करण्याची विनंती. सोबत नोंदणी प्रमाणपत्र आणि आपल्या स्कूटरची पुढून व मागून काढलेली स्पष्ट छायाचित्रे जोडावीत. हजेरीपटाची प्रत अवश्य द्यावी, पण त्यावर विसंबू नये, कारण त्यातून आपण शाळेत होता एवढेच सिद्ध होते. स्कूटर दुसऱ्या कोणी नेली नव्हती, हे त्यातून दिसत नाही. शाळेच्या आवारातील कॅमेऱ्यात उभी स्कूटर दिसत असेल, तर ते चित्रण पुसले जाण्याआधी मुख्याध्यापकांकडे मागावे. चलान स्वयंचलित कॅमेऱ्याचे असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियम १६७ अ लागू होतो. त्यानुसार उल्लंघनानंतर १५ दिवसांच्या आत सूचना पाठवणे बंधनकारक आहे, तेव्हा दोन्ही तारखा ताडून पाहाव्यात.

लोकअदालतीबाबत आपल्या सहकाऱ्यांचा सल्ला चूक केलेल्यासाठी ठीक आहे, आपल्यासाठी नाही. तेथे कोण खरे आणि कोण खोटे याचा निवाडा होत नाही, उभयपक्षी तडजोड होते, आणि त्या तडजोडीवर अपीलही करता येत नाही. तशी नोटीस आली तर दुर्लक्ष करू नये. हजर राहून तडजोड मान्य नसल्याचे सांगावे. तक्रार फेटाळली गेली, तर दंड नाकारून प्रकरण दंडाधिकाऱ्यांसमोर चालवण्याची मागणी करता येते, आणि तेथे गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी पोलिसांवर असते. एवढ्या छोट्या प्रकरणात वकील लावलाच पाहिजे असे नाही. कागद नीट लावलेले असले की आपले म्हणणे आपणच मांडू शकता.

मात्र छायाचित्रात अगदी आपल्यासारखीच राखाडी स्कूटर आणि आपलाच क्रमांक स्पष्ट दिसत असेल, तर कोणी आपल्या पाटीची नक्कल केली असण्याची शक्यता आहे आणि मग प्रकरण चलानापुरते राहत नाही. अशा वेळी स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी आणि तिची प्रत परिवहन कार्यालयालाही द्यावी. उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवली असल्यास तिच्यावर कोरलेला लेझर क्रमांक तक्रारीत लिहावा, कारण वाहनाच्या क्रमांकाची नक्कल सहज होते, पण त्या पाटीची तितक्या सहज होत नाही.