आकडा कोणाचा, प्रश्न कोणता?

स्त्रियांचे हक्क, लिंगभाव आणि कायदा या विषयांवरील वादांत पुरावा कुठे शोधावा आणि तो किती वजनाचा मानावा, असे विचारणारी काही पत्रे आली. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातला प्रश्न घराघरांत वादाचा झाला आहे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील वादविवाद मंडळात एका विद्यार्थ्याने सांगितले, की नवरा किंवा सासरच्यांकडून होणाऱ्या छळाविरुद्धच्या ४९८-अ कलमाखालील ८५ टक्के तक्रारी खोट्या असतात आणि हे सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले आहे. त्यावर एका विद्यार्थिनीने उत्तर दिले, की छळ सोसणाऱ्या बहुतेक स्त्रिया तक्रार करतच नाहीत. मूळ कागद दोघांकडेही नव्हता. हे कसे पडताळावे?
(एक प्राध्यापक, सोलापूर)

उत्तर : ८५ टक्क्यांचा उगम सापडतो आणि तो शोधण्यासारखाही आहे. ‘अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य’ या प्रकरणात २ जुलै २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०१२ या वर्षाची आकडेवारी उद्धृत केली आहे. त्या वर्षी या कलमाखाली १,९७,७६२ जणांना अटक झाली आणि त्यांत ४७,९५१ स्त्रिया होत्या; दोषारोपपत्र दाखल होण्याचे प्रमाण ९३.६ टक्के होते, तर शिक्षा होण्याचे प्रमाण केवळ १५ टक्के. प्रलंबित असलेल्या ३,७२,७०६ खटल्यांपैकी सुमारे ३,१७,००० खटल्यांचा शेवट निर्दोष सुटकेत होईल, असा अंदाजही तेथेच नोंदवला आहे. शंभरातून पंधरा वजा केल्यावर जे उरतात, त्यांनाच पुढे कोणीतरी ‘खोट्या तक्रारी’ असे नाव दिले. निकालात तसे विधान नाही.

शिक्षेचे प्रमाण हे त्या वर्षी न्यायालयात निकाली निघालेल्या खटल्यांतून काढले जाते. आरोपी सुटला याचा अर्थ आरोप संशयापलीकडे सिद्ध झाला नाही, एवढाच होतो, आणि या कलमाखालील खटल्यांत तो सिद्ध न होण्याची कारणे वकिलांना व समुपदेशकांना चांगली ठाऊक असतात. छळ घराच्या चार भिंतींत होतो आणि शेजारी साक्ष द्यायला पुढे येत नाहीत. खटला वर्षानुवर्षे चालतो, आणि दरम्यान परस्पर संमतीने घटस्फोट होतो, स्त्रीधन व पोटगीची बोलणी पूर्ण होतात. हा गुन्हा महाराष्ट्रात आपसांत मिटवता येण्याजोग्या गुन्ह्यांत मोडत नसल्यामुळे काही जण उच्च न्यायालयात जाऊन तो रद्द करून घेतात. बाकीच्या प्रकरणांत तक्रारदार स्त्री किंवा तिचे माहेरचे लोक साक्षीच्या वेळी आरोपाला दुजोरा देत नाहीत आणि आरोपी निर्दोष सुटतात. अशा सुटकेवरून मूळ तक्रार खरी होती की खोटी, हे ठरवता येत नाही.

पोलिसांनी तक्रार खोटी ठरवली, असे म्हणण्यासाठी वेगळा कागद असतो. महाराष्ट्रात तपास बंद करताना ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ समरी असे तीन प्रकारचे अहवाल दंडाधिकाऱ्यांपुढे ठेवले जातात. गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही, तर ‘ए’. तक्रार हेतुपुरस्सर खोटी होती, तर ‘बी’. गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून ती उद्भवली होती, तर ‘सी’. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालातील पोलिसांच्या कारवाईविषयीच्या तक्त्यांतही खोट्या ठरलेल्या प्रकरणांचा स्तंभ निराळा असतो. आपल्या विद्यार्थ्याने तो स्तंभ पाहावा. त्याच वेळी ९३.६ टक्क्यांचा आधार घेऊन ‘म्हणजे जवळपास सगळ्या तक्रारी खऱ्या’ असे म्हणण्याचा मोह दुसऱ्या बाजूनेही टाळावा, कारण दोषारोपपत्र हे पोलिसांचे मत असते, न्यायनिवाडा नव्हे. कायद्याचा गैरवापर होतच नाही, असे मला मुळीच म्हणायचे नाही. एका वर्षात ४७,९५१ स्त्रियांना अटक झाली, त्यांत सासू-नणंदा किती होत्या आणि त्या घरात प्रत्यक्ष राहत तरी होत्या का, हा प्रश्न गंभीर आहे, आणि सरसकट अटक करू नये असे न्यायालयाने बजावले ते याच काळजीतून.

या संदर्भात आणखी एक निकाल अर्धाच सांगितला जातो. २००५ च्या ‘सुशीलकुमार शर्मा विरुद्ध भारत सरकार’ या निकालातील ‘कायद्याचा दहशतवाद’ अशा अर्थाचे शब्द सर्वत्र फिरतात. मात्र ४९८-अ हे कलम घटनाबाह्य ठरवावे, अशी त्या याचिकेतील मागणी होती आणि ती न्यायालयाने फेटाळली, हे सांगितले जात नाही. निकालातील एखादे वाक्य वापरण्यापूर्वी न्यायालयाने शेवटी आदेश काय दिला, हे वाचणे मी अनिवार्य मानते.

आता आपल्या विद्यार्थिनीचे म्हणणे. त्यासाठी पोलिसांची नोंद उपयोगाची नाही, कारण जी स्त्री ठाण्याची पायरी चढलीच नाही तिचा मागमूस तेथे असू शकत नाही. ठाण्यात गेलेल्या कित्येक जणींनाही आधी पोलिसांच्या भरोसा सेल या समुपदेशन कक्षात समुपदेशनासाठी पाठवले जाते, आणि तेथे समेट झाला तर गुन्हा नोंदवलाच जात नाही. म्हणून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाकडे वळावे लागते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा अनुभवलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १४ टक्के स्त्रियांनीच कोणाकडे तरी मदत मागितली होती, आणि ती प्रामुख्याने माहेरच्या माणसांकडे. हे प्रश्न एका घरातील एकाच स्त्रीला, ती एकटी असताना विचारले जातात. एकांत मिळाला नाही तर ते विचारले जात नाहीत. ही काळजी घेतली जात असल्यामुळे या आकड्याला मी वजन देते. मात्र हेच सर्वेक्षण पुरुषांना त्यांच्यावर झालेल्या हिंसेविषयी विचारत नाही, त्यामुळे पुरुषांच्या संघटना जेव्हा ‘आमची आकडेवारी कोणी गोळा करत नाही’ असे म्हणतात, तेव्हा तेवढ्यापुरते त्यांचे म्हणणे रास्त आहे.

थोडक्यात, आपले दोन विद्यार्थी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते. गुन्हे नोंद विभाग स्वतःच आपल्या अहवालात सांगतो, की गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चर्चा सुरू करण्यापूर्वी हा इशारा मोठ्याने वाचून दाखवावा. १ जुलै २०२४ पासून ४९८-अ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांनी घेतली आहे; नवे तक्ते पाहताना हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : भारतात आता हजार पुरुषांमागे १,०२० स्त्रिया आहेत, असे सरकारी सर्वेक्षणात दिसते. मग गर्भलिंगनिदानाविरुद्धची ओरड अजून कशासाठी?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : १,०२० हा आकडा त्याच पाचव्या फेरीतला आहे, पण तो कशाचा आहे ते पाहावे. निवडलेल्या घरांत आदल्या रात्री मुक्कामाला असलेल्या माणसांची ती मोजणी आहे. कामासाठी परगावी गेलेले, बांधकामाच्या जागी झोपणारे, वसतिगृहांत, छावण्यांत किंवा तुरुंगांत असणारे लोक, ज्यांत पुरुषांची संख्या मोठी असते, त्या घरांत नसतात. शिवाय स्त्रियांचे सरासरी आयुर्मान अधिक असल्याने म्हातारपणी त्यांची संख्या जास्त भरते. साठी ओलांडलेल्या स्त्रिया अधिक आहेत, यावरून मुलींना जन्माला येऊ दिले जाते का, हे कळण्याचा मार्ग नाही.

त्यासाठी जन्माच्या वेळचे गुणोत्तर पाहावे लागते. याच सर्वेक्षणात आधीच्या पाच वर्षांतील जन्मांसाठी ते हजार मुलग्यांमागे ९२९ मुली इतके आहे, तर नमुना नोंदणी पद्धतीनुसार (निवडक भागांतील जन्म-मृत्यूंची सतत चालणारी सरकारी नोंद) २०१८-२० या काळात ते ९०७ होते. कोणताही हस्तक्षेप नसताना हे प्रमाण ९५० च्या आसपास असते. जो प्रश्न आपण उपस्थित केला त्याचे उत्तर या आकड्यांत आहे, आणि ते दिलासादायक नाही. महाराष्ट्राने १९८८ मध्ये, केंद्राच्या १९९४ च्या कायद्याच्या आधी, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला होता. तरीही जनगणनेनुसार राज्यात शून्य ते सहा वयोगटातील मुलींचे प्रमाण २००१ मध्ये ९१३ होते, ते २०११ मध्ये ८९४ झाले.

एक सावधगिरी मात्र माझ्या बाजूच्या लोकांनीही बाळगावी. सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीत महाराष्ट्राचे जन्मगुणोत्तर ९२४ वरून ९१३ वर आले, याचा मथळा करून ‘मुली पुन्हा घटल्या’ असे लिहिले जाते. राज्यपातळीवरील नमुन्यात एवढा फरक निव्वळ निवडीच्या योगायोगानेही पडू शकतो. जनगणनेतील घसरण आणि ही घसरण एकाच वजनाची नाही.

प्रश्न : येथे ब्रिटनमध्ये स्त्रियांचे हक्क आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींचे हक्क यांवरून तीव्र वाद आहे. प्रत्येक बाजू आपापला संशोधक पुढे करते. संशोधकाची बाजू ठाऊक असेल, तर त्याचे म्हणणे सोडून द्यावे का?
(एक वाचिका, लेस्टर)

उत्तर : सोडून देऊ नये, ते अधिक बारकाईने तपासावे. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सोळा वर्षांवरील लोकांना, त्यांची लिंगभाव ओळख जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगाशी जुळते का, हा ऐच्छिक प्रश्न प्रथमच विचारला गेला. सुमारे २,६२,००० जणांनी, म्हणजे ०.५ टक्के लोकांनी, ‘नाही’ असे उत्तर दिले. स्थानिक तक्त्यांत मात्र लंडनमधील न्यूहॅम आणि ब्रेंट हे भाग सर्वांत वर आले, जेथे इंग्रजी मातृभाषा नसलेले लोक मोठ्या संख्येने राहतात. ऑक्सफर्डचे समाजशास्त्रज्ञ मायकेल बिग्ज यांनी हे दाखवून दिले, की इंग्रजी कच्चे असलेल्यांत ‘नाही’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते, तेव्हा अनेकांना प्रश्नच समजला नसावा. या वादात बिग्ज यांची बाजू उघड आहे आणि त्यांच्यावर त्याबद्दल टीकाही झाली. तथापि आकडे सर्वांसाठी खुले होते, इतरांना ते पडताळता आले, आणि अखेरीस २०२४ मध्ये त्या आकडेवारीचा अधिकृत प्रमाणित दर्जा काढून तिला ‘विकसनशील’, म्हणजे अजून घडवली जात असलेली, आकडेवारी ठरवण्यात आले.

यावरून उलट टोकाला जाऊन पारलिंगी लोक जवळपास नाहीतच, असा निष्कर्ष काढणेही चूक ठरेल. स्कॉटलंडने २०२२ मध्ये ‘आपण स्वतःला पारलिंगी मानता का’ अशा थेट स्वरूपात प्रश्न विचारला आणि तेथे हे प्रमाण ०.४४ टक्के आले, जे इंग्लंडच्या एकूण प्रमाणापासून फार दूर नाही. डळमळीत आहेत ते विशिष्ट भागांचे आणि गटांचे तपशील.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १६ एप्रिल २०२५ च्या निकालाबाबतही मूळ मजकूर वाचावा, ही विनंती. पाच न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की २०१० च्या समता कायद्यातील ‘स्त्री’ आणि ‘लिंग’ या शब्दांचा अर्थ जैविक लिंग असा आहे. पारलिंगी व्यक्तींना भेदभावापासून मिळणारे संरक्षण कायम राहते, हेही त्याच निकालात आहे, आणि हा एका गटाचा विजय मानू नये असे न्यायाधीश लॉर्ड हॉज यांनी सारांश वाचताना सुचवले. न्यायालयासमोर कोणकोणत्या संस्थांनी बाजू मांडली, हे निकालाच्या सुरुवातीलाच दिलेले असते. कोणाचे म्हणणे ऐकले गेले हे कळण्यासाठी ती यादी अवश्य पाहावी.

प्रश्न : यांतले काही मराठीत वाचायला मिळते का?
(एक वाचिका, रत्नागिरी)

उत्तर : भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर निकाल विनामूल्य वाचता येतात आणि त्यांतील काहींची मराठी भाषांतरेही उपलब्ध आहेत. ती समजून घेण्यापुरतीच असतात. अर्थाविषयी शंका आली तर इंग्रजी मजकूरच प्रमाण मानला जातो. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहते. तिच्या जिल्हानिहाय पत्रिका इंग्रजीत असल्या, तरी त्यांत मजकुरापेक्षा तक्तेच जास्त आहेत, आणि रत्नागिरीची पत्रिका काही पानांचीच आहे. ती उघडताना आकड्यांशेजारी किंवा तळाशी लहान अक्षरांत दिलेल्या टिपा आधी वाचाव्यात, कारण किती जणींच्या उत्तरांवर तो आकडा उभा आहे आणि कोणता आकडा कमी उत्तरांमुळे छापलाच नाही, हे तेथेच लिहिलेले असते.