आडव्या वाऱ्याने गोळी किती सरकेल, हे वाऱ्याचा वेग गुणिले उड्डाणकाल असे काढावे का?

नाही, वाऱ्याच्या वेगाला संपूर्ण उड्डाणकालाने नव्हे, तर हवेच्या रोधामुळे झालेल्या विलंबाने गुणायचे असते, आणि बाह्य क्षेपणशास्त्रातील (नळीबाहेर पडलेल्या गोळीच्या प्रवासाच्या शास्त्रातील) हे जुने सूत्र आजही अचूक ठरते. समजा, ८०० मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटलेल्या गोळीला ३०० मीटरसाठी निर्वातात ०.३७५ सेकंद लागले असते आणि प्रत्यक्षात ०.४२ लागले, तर ४ मीटर प्रतिसेकंद वाऱ्यात ती सुमारे १८ सेंटिमीटर सरकेल. प्रश्नातल्या हिशेबाने तब्बल १६८ येतात. गुरुत्वाकर्षणाने होणाऱ्या घसरणीसाठी मात्र पूर्ण वेळच धरावा. नागपुरात मे महिन्यातील ४५ अंशांच्या उष्ण, विरळ हवेत हा विलंब घटतो, म्हणून डिसेंबरात केलेला तक्ता तेव्हा वापरू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमामुळे हे गणित नेमबाजीच्या रेंजपुरतेच आहे, शिकारीसाठी नव्हे.