फेडरल ग्रँटमधून गावच्या पोलिसांना सामग्री मिळते तेव्हा गावाला खरंच काही खर्च येत नाही का?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीतल्या तुमच्या टाउनशिपच्या सभेपुढे पोलिसांच्या बॉडी कॅमेऱ्यांसाठी (अंगावर लावायचे कॅमेरे) फेडरल ग्रँटचा, म्हणजे केंद्र सरकारच्या अनुदानाचा, ठराव आलाय, आणि शेजारी म्हणतात, ‘पैसा वॉशिंग्टनचा, आपलं काय जातं?’ मी अशाच एका छोट्या गावाच्या हिशेब खात्यात बरीच वर्षं काम केलं. ग्रँटच्या फायली माझ्याच टेबलावरून जायच्या. सभेला नक्की जा.

आपल्याकडे पोलीस हे राज्याचं खातं. इथे गावाचे पोलीस गावाचेच, त्यांचा पगार तुमच्या प्रॉपर्टी टॅक्समधून निघतो. म्हणून ग्रँट संपली की पुढचं सगळं गावाच्याच अंगावर येतं.

आधी ग्रँट कुठली ते विचारा. बहुधा ती ‘जॅग’, म्हणजे ‘जस्टिस असिस्टन्स ग्रँट’, असेल. १९८८ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये एका साक्षीदाराच्या घरावर पहारा देताना एडवर्ड बर्न हा २२ वर्षांचा पोलीस मारला गेला, त्याच्या नावाने ही ग्रँट आहे. राज्याचा वाटा निम्मा लोकसंख्येवर आणि निम्मा हिंसक गुन्ह्यांवर ठरतो. त्यातले ६० टक्के राज्य सरकारकडे राहतात, ४० टक्के स्थानिक संस्थांसाठी. अर्ज पाठवायच्या किमान ३० दिवस आधी तो गावाच्या कौन्सिलपुढे ठेवावा लागतो आणि लोकांना मत मांडायची संधी द्यावी लागते. हे कायद्यातच आहे, तेव्हा बोलायला बिचकू नका.

दुसरी अट मला फार महत्त्वाची वाटते. गाव एखाद्या गोष्टीवर आधीच खर्च करत असेल, तर ग्रँट आली म्हणून ती रक्कम बजेटमधून काढून घेता येत नाही. फेडरल पैसा गावाच्या पैशात भर घालायला असतो, त्याच्या जागी बसवायला नाही. म्हणून गेल्या वर्षीचं पोलीस बजेट शेजारी ठेवून ठराव वाचा.

आता कॅमेऱ्यांकडे येते. आमच्याकडे ते ग्रँटमधून आले तेव्हा सगळे खूश होते, मीही होते. वर्षभरात कळलं की खरा खर्च कॅमेऱ्याचा नाहीच, रेकॉर्डिंग साठवण्याचा आहे. न्यू जर्सीत ते किमान १८० दिवस ठेवावं लागतं, काही प्रकरणांत कितीतरी जास्त. शिवाय कुणी फुटेज मागितलं की ते बसून बघायला, चेहरे झाकायला माणूस लागतो. ते बिल दर वर्षी येत राहिलं, ग्रँट मात्र संपली होती. कॅमेरे नकोत असं मी मुळीच म्हणत नाही. ते हवेतच. पण पाच वर्षांचा आकडा आधी मागा.

बुलेटप्रूफ जॅकेटची गोष्ट वेगळी. त्यासाठी १९९८ पासून स्वतंत्र योजना आहे, फेडरल सरकार निम्म्यापर्यंत किंमत भरून देतं आणि ड्यूटीवर जॅकेट घालणं सक्तीचं करणारा लेखी नियम खात्यात असावा लागतो. त्यावर पैसे जाताना मला कधी वाईट वाटलं नाही.

न्यू हॅम्पशरमधलं कीन हे गाव मात्र माझ्या मनातून जात नाही. २०१२ च्या सुमारास होमलँड सिक्युरिटी या फेडरल खात्याच्या जवळजवळ २ लाख ८६ हजार डॉलर्समधून तिथे चिलखती गाडी आली. अर्जात गावच्या भोपळ्यांच्या उत्सवाचाही उल्लेख होता. लोकांनी सभेत विरोध केला, तरी गाडी आलीच. एवढ्या छोट्या गावाला ती कशाला, हे अर्ज भरायच्या आधी विचारलं जायला हवं होतं.

म्हणून थांबू नका. आजच टाउनशिप क्लार्ककडे अर्जाची पूर्ण प्रत मागा. सभेत बोलायला वेळ मोजकाच मिळतो, तेव्हा दोनच प्रश्न लिहून न्या: ग्रँट संपल्यावर दर वर्षी किती खर्च येईल, आणि तो बजेटच्या कुठल्या ओळीतून निघेल. उत्तर सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या.