रेडियल बँडची हवा सोडताना

मनगटातल्या अंगठ्याकडच्या रेडियल धमनीतून अँजिओग्राफी झालेला पेशंट आला की रक्त थांबवायला मनगटावर बांधलेल्या हवेच्या पट्ट्यात, म्हणजे बँडमध्ये, किती हवा भरली आहे ते कॅथलॅबला (अँजिओग्राफी होते त्या खोलीला) विचारून चार्टवर लिही; साधारण 13 ते 15 मिली असते.

रक्त थांबलं म्हणजे काम झालं, असं समजू नकोस. बँड फार आवळलेला राहिला तर धमनीत गुठळी होऊन ती बंद पडू शकते. करंगळीकडच्या अल्नर धमनीमुळे हात गरम, गुलाबीच राहतो, म्हणून ते कळतही नाही. त्याच हाताच्या अंगठ्याला पल्स ऑक्सिमीटर लाव आणि अल्नर धमनी दाबून धर. स्क्रीनवर नाडीची लाट दिसली तर रेडियल वाहते आहे. नाही दिसली तर रक्त येत नाही ना हे बघत थोडी थोडी हवा कमी कर.

डॉक्टरांनी दिलेल्या वेळेनंतर दर 15 मिनिटांनी 2-3 मिली काढ. सिरिंज बँडसोबतचीच घे आणि दट्ट्या अंगठ्याने धरून ठेव, नाहीतर दाबाने तो मागे सरकून हवा एकदम निघते. रक्त आलं तर काढलेली हवा परत भर.

त्या हाताला बीपी, सलाईन नको. कोपराकडे सूज दिसली तर पेनाने कड आख आणि डॉक्टरांना बोलाव. हात ताठरला, बोटं सरळ करताना कळ आली किंवा मुंग्या आल्या, तर एक मिनिटही थांबू नकोस.