पहिली टेस्ला कॉइल (खूप उंच व्होल्टेज तयार करून ठिणग्या काढणारी तारेची गुंडाळी): वाचकांचे प्रश्न

राजारामपुरी: टीआयपी 31 सी ट्रान्झिस्टर, 22 किलोओहमचा रेझिस्टर आणि 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी जोडून छोटी कॉइल केली. जवळ धरलेला सीएफएल दिवा पेटत नाही, सर्किटमधला एलईडीही लागत नाही.

एलईडी लागत नाही म्हणजे ऑसिलेशनच (करंटची झपाट्यानं होणारी आंदोलनं) सुरू नाही. आधी प्रायमरीची (बाहेरच्या, थोड्या वेढ्यांच्या गुंडाळीची) दोन्ही टोकं अदलाबदल करा. बहुतेक वेळा दुखणं तिथंच असतं. मग सेकंडरीचं (बारीक तारेच्या, जास्त वेढ्यांच्या गुंडाळीचं) खालचं टोक पॉलिश पेपरनं घासा. तांबं चकाकेपर्यंत इनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा थर) गेलं नाही, तर सोल्डर वरवर बसतं, आत जोड नसतो. एलईडीचा कॅथोड (उणे पाय) ट्रान्झिस्टरच्या बेसला, ॲनोड (अधिक पाय) एमिटरला हवा. चौकोनी बॅटरी लगेच मान टाकते. 12 व्होल्ट, 1 अँपिअरचा अडॅप्टर घ्या आणि ट्रान्झिस्टरला हीटसिंक (उष्णता काढून घेणारा धातूचा तुकडा) लावा. ट्रान्झिस्टरचा पत्रा कलेक्टरलाच जोडलेला असतो, तो कशालाही टेकू देऊ नका.

इचलकरंजी: जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर चालेल का?

नको. 2000 व्होल्टच्या आसपास आणि करंट भरपूर. हात लागला तर दुसरी संधी नाही.

उद्यमनगर: निऑन साइनचा 9 किलोव्होल्ट, 30 मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर मिळालाय. कपॅसिटर आणि तार किती?

ट्रान्सफॉर्मर लोखंडी कोरचा, जड आहे ना? हलका इलेक्ट्रॉनिक असेल तर इथं उपयोग नाही.

अमेरिकन तक्ते 60 हर्ट्झचे, म्हणून त्यात या ट्रान्सफॉर्मरशी जुळणारं कपॅसिटरचं मूल्य 8.8 नॅनोफॅरड दिसतं. आपल्या 50 हर्ट्झवर तेच 10.6 होतं. पण नेमकं तेवढंही लावायचं नाही: दोघांच्या रेझोनन्समुळे (ताल जुळल्यामुळे) व्होल्टेज चढत जातं आणि ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटतं. साध्या स्पार्क गॅपला (ठिणगी उडते ती फट) दीडपट, म्हणजे 16 च्या आसपास धरा. 0.15 मायक्रोफॅरड, 2000 व्होल्टचे पल्सला चालणारे पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर 10 नग सिरीजमध्ये लावले की 15 नॅनोफॅरड मिळतात. प्रत्येकावर 10 मेगओहमचा ब्लीडर (चार्ज रिकामा करणारा रेझिस्टर) हवाच, नाहीतर स्विच बंद केल्यावरही चार्ज दबा धरून बसतो.

सेकंडरीला 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, 30 गेजची तार, शेजारी शेजारी 1000 वेढे. वाइंडिंग 35 सेंटिमीटर भरेल, तार 345 मीटर, वजन 240 ग्रॅम. तुमच्याच भागातल्या रिवाइंडिंगवाल्याकडून 300 ग्रॅम घ्या. एकसंध मागा, मध्ये सांधा नको. खालचं टोक घराच्या अर्थिंगला जोडू नका, जमिनीत वेगळा रॉड ठोका.

कळंबा: जुलैत वाइंडिंगवरूनच ठिणग्या पळतात.

ओल आणि धूळ. पाइप धुऊन, रात्रभर 60 वॉटच्या बल्बजवळ वाळवून मगच वाइंडिंग आणि व्हार्निश करा. ओल्यावर व्हार्निश मारलं तर दमटपणा आत अडकतो. सेकंडरी कोरडी असूनही ठिणग्या पळत असतील, तर प्रायमरी फार जवळ आहे. सेकंडरी एकेक सेंटिमीटर वर उचलून बघा, अर्थात प्लग काढून आणि कपॅसिटर डिस्चार्ज करूनच.