अंदमानच्या प्रवाळासाठी एफडी मोडायची का?

प्रश्न: आम्ही मुलुंडला राहतो. मुलगा १२ वर्षांचा, मुलगी ७. घराच्या हप्त्यासह महिन्याचा खर्च ८५,०००. अडीअडचणीसाठी ४ लाखांची एफडी आहे, दिवाळीला ६०,००० बोनस येईल. नाताळात अंदमानला सहा रात्रींचं पॅकेज २,४०,०००ला मिळतंय. त्यात चौघांचं स्कूबा (हवेची टाकी घेऊन पाण्याखाली बुडी) १६,००० आणि सी वॉक (हेल्मेट घालून समुद्रतळावर चालणं), पॅरासेलिंग, जेट स्की मिळून २२,०००. एजंट १२ महिन्यांचे 'नो कॉस्ट' हप्ते देतोय. एफडी मोडू की हप्ते घेऊ? सप्टेंबरअखेर ठरवायचंय. मुलांच्या परीक्षा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात संपतात.

उत्तर: दोन्ही नको. अंदमानला जरूर जा, पण परीक्षा संपल्यावर.

तुमची एफडी आजच जेमतेम पावणेपाच महिन्यांचा खर्च भागवते. त्यातून २,४०,००० काढले तर दोन महिन्यांचाही उरत नाही, वर मुदतीआधी मोडल्याचा दंड. 'नो कॉस्ट'मध्ये व्याज नसतं असं नाही, ते किमतीत मुरवलेलं असतं. १५ टक्के दर धरला तर २०,०००च्या बारा हप्त्यांत सुमारे १८,४०० व्याज बसतं आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,३००च्या आसपास, बहुधा तुमच्याच क्रेडिट कार्डावर येतो. प्रोसेसिंग फी वेगळी. एजंटला एकच प्रश्न विचारा: एकरकमी दिले तर किती कमी करशील?

सहलीनंतर महिना २०,००० भरायची तयारी आहे, तर तेच आधी भरा. सप्टेंबर ते मार्च सात महिन्यांच्या आरडीत, म्हणजे बँकेच्या दरमहा ठेवीत, १,४०,००० जमतात, बोनस धरून २ लाख. बोनस विमानाच्या तिकिटांना ठेवा. त्यासाठी एसआयपी (फंडातली मासिक गुंतवणूक) चालू असेल तर थांबवू नका, आणि ही रक्कम शेअर बाजारातल्या फंडातही टाकू नका.

राहिले ४०,०००. सी वॉक, पॅरासेलिंग, जेट स्की सरळ काढा. प्रवाळ बघायला त्यांची गरज नाही. (जेट स्की काय, मालवणलाही मिळते.) स्कूबाला सर्वसाधारण किमान वय १० आहे, त्यामुळे मुलीचे ४,००० एजंटनं मोजायलाच नको होते. झाले २६,००० कमी. उरलेले १४,००० नाताळची गर्दी टळल्यावर भाडं आणि हॉटेलात सुटायला हवेत. एप्रिलचा भाव नव्यानं मागा. तेव्हा समुद्रही शांत असतो. मोसमी पाऊस तिकडे मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोचतो, म्हणून मेवर ढकलू नका.

कार्यक्रम मात्र नीट तपासा. शेवटच्या दिवशी सकाळी स्कूबा आणि दुपारी विमान असं लिहिलेलं असेल, तर बदलून घ्या. पाण्याखाली दाबात रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. उंचीवर दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. बुडी आणि उड्डाण यांत २४ तास ठेवा. स्वराज द्वीपला, म्हणजे हॅवलॉकला, पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बुडी घ्या आणि परतीच्या आदली रात्र श्रीविजयपुरमला, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरला काढा. समुद्र खवळून बेटांमधली फेरीबोट रद्द झाली तरी विमान चुकत नाही.

पहिल्या बुडीला पोहता यावं लागत नाही; प्रशिक्षक सोबत असतो, खोली १२ मीटरपर्यंतच. पण सर्दी असेल तर कानातला दाब जुळत नाही आणि बुडी सोडावी लागते. दमा किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरांचं पत्र लागू शकतं. त्यामुळे आगाऊ रक्कम भरण्याआधी 'आजारपणात परतावा मिळेल का' हे लेखी घ्या. प्रवास विम्यात स्कूबा धरलंय का, तेही बघा. पुष्कळदा वगळलेलं असतं.

तुम्ही दोघं आळीपाळीनं उतरा, म्हणजे मुलीजवळ कुणीतरी राहील. तिच्यासाठी हॅवलॉकच्या एलिफंट बीचचं स्नॉर्केलिंग (मुखवटा आणि श्वासनळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं) पुरे. शहीद द्वीपला, म्हणजे नीलला, लक्ष्मणपूरचा दगडी पूल ओहोटीतच नीट बघता येतो, तेव्हा भरती-ओहोटीची वेळ आधी विचारा. उन्हासाठी क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचे पोहायचे टीशर्ट घ्या, दरवेळी कामी येतात. प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, पिशवीत टाकू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा ठरतो आणि विमानतळावर सामान तपासतात.